गोधडीखालचा उजेड

मायला आता घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. माय बोरगाव मेघेला माझ्याकडे राहून औषध घेत होती आणि मी रोज तिचं आयुष्य मागत होते. मागून काही मिळालं नव्हतं. मायचं मात्र एकच म्हणणं होतं, "मले हिंगणीले ने. माह्या आंगणात डोळे मिटू दे."

धाकटा भाऊ हिंगणीहून त्याची जुनी गाडी घेऊन आला. मायला पेट्रोलच्या वासानं मळमळतं, म्हणून त्यानं सकाळीच गाडी धुऊन घेतली होती, बॉनेट उघडून इंजिनसुद्धा. मागच्या सीटवर मी मायचं डोकं मांडीवर घेतलं. अंगावर तिचीच गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, तिनं हातानं शिवलेली.

सेलू मागे पडलं आणि गाडी दचके देऊ लागली. "मिसिंग मारून राह्यली," भाऊ म्हणाला. प्रत्येक दचक्याला माय कण्हत होती. त्यानं गाडी कडेला घेतली. दुसरी गाडी बोलावली तरी मायला उचलून तिच्यात ठेवणं शक्य नव्हतं, तिचा श्वास फार बारीक झाला होता. तिचं एवढं मागणंही देवाला जड झालं, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात बाजारातून परतणारा एक भाजीवाला शेतकरी थांबला. छोट्या टेम्पोत रिकामी कॅरेटं होती. "काऊन थांबले, भाऊ?" मायकडे नजर जाताच त्याचा आवाज खाली आला. त्यानं बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकला, हात लावून पाहिलं.

"गाडी धुतली का?"

"हो काका. मायसाठी."

"इंजिनले आंघोळ घातली तं सर्दी होईनच ना त्याले."

भावाचं तोंड उतरलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. प्लगच्या वायरीत पाणी शिरलं असेल, करंट बाहेर उडत असेल, म्हणाले, पण उन्हात तो दिसत नाही, अंधार पाहिजे. त्यांची नजर गोधडीवर गेली. माझा हात ती काढायला धजेना. मायनंच डोळे उघडले. "दे व बाई. मले तसंबी गरम होऊन राह्यलं."

भाऊ गाडीत बसून इंजिन चालू ठेवत होता. वाऱ्यानं गोधडी उडू नये म्हणून काकांनी ती उघड्या बॉनेटवर दोन्ही हातांनी ताणून धरली. पाहायला मीच उरले. "पदर खोच, बाई, पंख्यात जाईन." परक्या माणसासमोर मान वर न करणारी मी, गोधडीखाली डोकं घातलं. आत तेलाचा वास आणि मायचा वास. टिक टिक आवाज येत होता, आणि एका वायरीपाशी निळा, तिळाएवढा उजेड लोखंडावर उडत होता.

"दिसलं का व?"

"दिसलं. तिसरीपाशी."

इंजिन बंद करून काकांनी त्या वायरीची रबरी टोपी काढली. तिला चीर गेली होती. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सगळ्या टोप्या आतून पुसल्या, कॅरेटं बांधायच्या सायकलट्यूबची पट्टी कापून चिरेवर घट्ट गुंडाळली. गाडी एकसारखी बोलू लागली. त्यांनी गोधडी स्वतः मायवर पांघरली, तिच्या पायांना हात लावला आणि निघून गेले. नाव विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी माझ्या तोंडून निघालं नसतं.

हिंगणीला पोचलो तेव्हा आंगणात ऊन होतं. तुळशीजवळ खाट टाकली. माय बराच वेळ इकडेतिकडे पाहत राहिली. "आलो ना व घरी," एवढंच म्हणाली. दिवेलागणीच्या आधी, माझ्या मांडीवरच तिचा श्वास थांबला.

मी आयुष्य मागत होते. मिळाली ती घरापर्यंतची वाट. काकांना कोणी धाडलं, मला सांगता येत नाही. ते घरी चाललेले एक शेतकरी होते. आम्ही दिसलो, आणि ते थांबले.

गोधडीवर तेलाचा काळा डाग राहिला आहे. भावजयीनं सोड्यात भिजवते म्हटलं, मी दिली नाही. ती पांघरली की अजून रडू येतं. संध्याकाळी आता पुन्हा दिवा लावते. त्याच्यापुढे काही मागत नाही. त्या दिवशी गोधडीखाली पाहिलं होतं, तशी नुसती पाहत बसते.