दुसरा कुठाय?

कुंदामावशी नमस्कार करण्याआधी समोरच्याचे पाय बघायच्या. पक्षी मोजणाऱ्या आमच्या संस्थेच्या परळच्या ऑफिसात तर टेबलाखाली वाकून बघायच्या आणि मला ऐकू येईल एवढ्यानं म्हणायच्या, "ह्या बुटांनी चिखल फक्त विसर्जनाला बघितलाय."

त्या भोईवाड्याच्या. मी चिंचपोकळीचा, नववीतून शाळा सोडलेला. "डोळे शाबूत आहेत ना मेल्या? मग चल," एवढ्या मुलाखतीवर त्यांनी मला गोंदियाला सारस मोजायला नेलं. घर रात्रभराच्या गाडीइतकं लांब. चुकलो की परत पाठवतील, या धास्तीत मी असायचो.

पहिल्याच पहाटे भाताच्या बांधीत मला एक सारस दिसला. माणसाएवढा उंच, लाल मानेचा, जागचा हलत नव्हता. मी वहीत दोन लिहिले. सारस जोडीनंच राहतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. एक लिहिलं तर ह्याला बघताच येत नाही, असं म्हणतील.

मावशींनी वही वाचली. "दुसरा कुठाय?"

"असेलच ना मावशी, भातात."

"असेलच? लग्नपत्रिका छापतोस काय रे?"

गुडघाभर चिखलातून त्यांनी मला चालवलं. दुसरा विजेच्या तारेखाली पडला होता, पंख पसरून. मुंग्या लागल्या होत्या. मावशींनी वाकून त्याच्या मुंग्या झटकल्या. मग म्हणाल्या, "दोन लिहून तू मोकळा झालास. मग ह्याला शोधणार कोण?"

परळच्या ऑफिसात साहेबांना मात्र जोडीच हवी होती. अहवालात शोभते म्हणे. मी घाबरत सांगितलं, आकडा चुकीचा होता, मीच लिहिला. साहेब हसले. "नववीवाल्याला पाठवलं की हेच होणार. उद्यापासून नको हा."

मावशींनी टेबलाखाली बघितलं. "नववीवाला चूक कबूल करतोय. तुम्ही एवढं शिकून मेलेला पक्षी जिवंत दाखवताय. हा नको, तर मीही नको."

मावशींशिवाय साहेबांच्या बुटांना शेतात उतरावं लागलं असतं. मी राहिलो.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या. भोईवाड्यातून फोन आला तेव्हा मी बांधावर होतो. पोचणं शक्यच नव्हतं. समोर एक सारस उभा होता. तेवढ्यात ऑफिसातून विचारणा आली, "जोडीच ना?"

"एक," मी म्हटलं, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरलो.