रिसेप्शनचा कोट

टी. नगरच्या एका पाच मजली दुकानात मी बायकांचा गरम कोट मागितला, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग डोक्यावरच्या पंख्याकडे. बाहेर जानेवारीचं ऊन होतं आणि माझी पाठ घामाने भिजली होती.

"ऊटीला चाललात का मॅडम?" त्याने तमिळमध्ये विचारलं.

"दिल्लीला. इंटरव्ह्यू आहे."

तो हसायचा थांबला. खालच्या फळीतून त्याने होतं नव्हतं ते सगळं काढून दाखवलं. तान्ह्या मुलांचे लोकरीचे अंगरखे, माकडटोप्या, आणि टिकल्या लावलेलं एक मखमली जाकीट, लग्नात घालायचं. चेन्नईत थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्याची पहाट, आणि त्या पहाटेला माकडटोपी पुरते. जाकिटाची किंमत बघून मी ते घडी करून परत दिलं.

माझं माहेर नाशिकचं. थंडी मला अगदीच अनोळखी होती असं नाही. पण लग्न होऊन इथे आल्याला वीस वर्षं झाली होती आणि अंगातली ती ओळख निघून गेली होती. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात निम्मं तमिळ आणि निम्मं पुस्तकातसुद्धा न सापडणारं जुनं मराठी. नवरा चार वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला. पोरूरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी उरलो. मी, सासूबाई, आणि बारावीत शिकणारी मुलगी.

श्रीपेरुंबुदूरच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात मी सोळा वर्षं होते. लाइनवर लागले आणि क्वालिटी सुपरवायझर झाले. कंपनीची बस, कंपनीचा अ‍ॅप्रन, कंपनीचे बूट. ऑक्टोबरात आमची लाइन बंद झाली. एका दुपारी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावलं, कागद वाटले, आणि बसने घरी सोडलं. त्यानंतर अडीच महिने मी अर्ज करत होते. चव्वेचाळीस वय ऐकलं की फोनवरचा आवाज बदलायचा. काही जण तर वाक्यही पुरं करत नसत.

डिसेंबरच्या शेवटी एका ठिकाणाहून व्हिडिओ कॉल आला. कंपनीचं मुख्य ऑफिस दिल्लीजवळ, नवा कारखाना मात्र आमच्याच श्रीपेरुंबुदूरला निघणार होता. हुद्दा माझाच, पगार जवळपास तेवढाच. चाळीस मिनिटं बोलणं झालं. शेवटी तो साहेब म्हणाला, "शेवटची फेरी इथे, समोरासमोर. या कामात परदेशातले क्लायंट तुमच्याशी बोलतील, तेव्हा जरा प्रेझेंटेबल या. आणि थंडी फार आहे, काळजी घ्या."

मी फोन ठेवला. मुलगी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"अम्मा, तू काय घालणार?" ती म्हणाली.

मी कपाट उघडलं. सोळा वर्षं रोज अ‍ॅप्रन घालणाऱ्या बाईकडे कपडे नसतात, हे मला तेव्हा कळलं. तीन कॉटनच्या साड्या, पाच-सहा कुडते आणि लग्नाकार्याची रेशमी साडी, एवढंच. बारा दिवस हातात होते. मी पलंगावर बसले. इतकी मी कंपनीत कागद मिळाला तेव्हाही घाबरले नव्हते. तेव्हा आम्ही शंभर जणी होतो. आता माझ्या एकटीवर सगळं येऊन ठेपलं होतं, आणि माझ्यापाशी साधा कोट नव्हता.

मुलीने फोनवर तासन्‌तास पाहून सगळं ठरवलं. पँट नको, कारण मला पँटमध्ये नीट बसताही येत नाही. साडीच. पण कॉटनची नाही, मरून रेशमी, बारीक काठाची. रेशमात ऊबही असते. ब्लाउजच्या जागी काळा, गळाबंद, अंगाला घट्ट बसणारा स्वेटर. "सगळ्या तशीच नेसतात आता," ती म्हणाली. परकराच्या आत लोकरीची तुमान. पायात कंपनीचे काळे बूट, पॉलिश करून. त्यांच्या चवड्यात लोखंडी पत्रा होता, पण साडीखाली कोणाला दिसणार?

"आणि वर एक ब्लेझर. ब्लेझर असला ना, की सगळं जमून येतं."

ब्लेझरसाठी मी टी. नगर पालथं घातलं. तो माणूस पंख्याकडे बघत होता ती त्यातलीच एक दुपार.

स्वेटर मिळाला तो सेंट्रल स्टेशनच्या आसपास दरवर्षी दुकानं लावणाऱ्या तिबेटी बायकांकडे. त्यातली एक म्हातारी खुर्चीवर बसून विणत होती. मी हिंदीत दिल्ली म्हटलं तशी तिने सुया खाली ठेवल्या.

"कोटाने ऊब येत नाही," ती म्हणाली. "कातडीला काय चिकटून आहे, त्याने येते. आतले कपडे मुलग्यांचे घे, चौदा वर्षांच्या मुलाच्या मापाचे. तू बारीक आहेस, तुला होतील. बायकांच्या नावाने तेच कापड महाग विकतात."

काळा गळाबंद स्वेटर तिने गठ्ठ्याच्या तळातून काढला. डाव्या बाहीवर एक धागा ओढला गेला होता. तो तिने तिथल्या तिथे सुईने आत घेतला आणि तेवढ्यासाठी किंमत कमी केली. मोज्यांचे दोन जोड घेतले. शालीवरून मी हात फिरवला आणि काढून घेतला. ती पाहत होती.

राहिला ब्लेझर. त्याचं उत्तर घरातच होतं आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

इकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रिसेप्शन असतं आणि त्यात नवरा मुलगा सूट घालतो. पुष्कळ पुरुषांचा आयुष्यातला तो एकच सूट. माझ्या नवऱ्याचा गडद निळा होता, चांगल्या लोकरी कापडाचा, त्याच्या मामाने मुंबईहून आणवलेला. त्या संध्याकाळी तो घामाने निथळत होता आणि फोटोत सतत कपाळ पुसताना दिसतो. नंतर तो कोट कधी अंगाला लागला नाही. सासूबाईंच्या लोखंडी ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत, पडून होता.

मी तो काढून पलंगावर ठेवला. सासूबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"आई, मी हा शिंप्याकडे नेऊ का?"

त्यांनी कोटाची बाही बोटांत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "ने. तुज कुळिर लागेल तिकडे." कुळिर म्हणजे थंडी. एवढं बोलून त्यांनी ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. त्यानंतर त्या ताटात खडा होता का तांदूळ, हे त्यांना दिसत नसावं; बोटं नुसतीच फिरत होती.

मुलगी क्लासहून आली आणि दारातच थांबली.

"हा अप्पांचा आहे."

"ब्लेझर हवा असं तूच म्हणालीस."

"अप्पांचा कापायचा असं नाही म्हटलं!" तिचा आवाज चढला. "त्यांचं दुसरं काय राहिलंय घरात? शर्ट तू वाटून टाकलेस. चष्मा दान केलास. हा एक आहे."

"मग मी काय करू? सांग. तू सांग मी काय घालून जाऊ."

"जाऊच नकोस."

"आणि खायचं काय?" मी ओरडले. मी तिच्यावर कधी ओरडत नाही. "तुझं कॉलेज कुठून करायचं? ट्रंकेत ठेवलेल्या कोटातून?"

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी कोट पिशवीत घातला आणि निघाले. थांबले असते तर जाणं झालं नसतं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला शिंपी बसतो. त्याने कोट उलटा करून अस्तर तपासलं, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "खांदे उसवले तर पुन्हा पुरुषाचा होणार नाही हा," तो म्हणाला. "विचार करून सांगा."

"करा," मी म्हटलं.

त्याने खडूने रेघ ओढली आणि कात्री चालवली. कापड जाड होतं, कात्री अडत अडत गेली. मी तिथेच स्टुलावर बसून होते. उरलेले तुकडे त्याने कागदात बांधून दिले, आणि ते हातात घेतल्यावर मला भर रस्त्यात रडू कोसळलं. शिंप्याने मशीन चालू केलं, मला वाटतं मुद्दामच, आवाज व्हावा म्हणून.

निघायच्या दोन दिवस आधी मी सगळं चढवून पाहिलं. दुपारचे बारा. मुलग्याच्या मापाची तुमान, परकर, स्वेटर, साडी, मोजे, बूट, वर कोट. कोट चांगला बसला होता. कमरेत घेतलेला, बाह्या मनगटापर्यंत. आरशात एक बाई उभी होती, नीटस, ताठ, जिला कोणीही नोकरी देईल. मी तिच्याकडे बघत इंटरव्ह्यूची उत्तरं म्हणायला लागले, इंग्रजीत. "माझी ताकद म्हणजे—" आणि पुढचं आठवेना. घाम मानेवरून स्वेटरच्या गळ्यात उतरत होता. श्वास पुरेना. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. मी तशीच, सगळ्या कपड्यांसकट, फरशीवर बसले.

तीन दिवस माझ्याशी न बोललेली मुलगी धावत आली. तिने कोटाची बटणं काढली, स्वेटर वर ओढला, ओला पंचा मानेवर ठेवला.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "मला उत्तरंसुद्धा येत नाहीत. ते मला बघूनच ओळखतील."

"काय ओळखतील?"

"की मी घाबरलेय."

तिने पंचा उलटा करून पुन्हा ठेवला. सासूबाई दारात उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून. त्या दुपारी आमच्यापैकी कोणालाही कोणाला धीर देता आला नाही.

स्लीपर डब्याने मी गेले. सकाळी दिल्लीला उतरले तर धुक्यात समोरचा फलाट दिसत नव्हता. बायकांच्या वेटिंग रूममध्ये कपडे बदलायला घेतले आणि बोटं इतकी बधिर झाली, की निऱ्यांना पिन लावता येईना. म्हातारीचं खरं होतं, कातडीलगतच्या कपड्यांनी अंग सांभाळलं. पाय मात्र गेले. बुटातला लोखंडी पत्रा बर्फासारखा झाला होता आणि ऑफिसात पोचेपर्यंत मला चवडे आहेत की नाहीत, ते समजत नव्हतं.

ऑफिसात हीटर. दहा मिनिटांत मी आमच्या पलंगाशेजारच्या आरशासमोर भिजले होते तशीच घामाने भिजले. समोर तिघं. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "साडी फार सुंदर नेसलाय तुम्ही." मी थँक्यू म्हटलं. कामाचं विचारलं ते सगळं मला आलं. सोळा वर्षं हाताने केलेलं होतं. मग एकाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" मला पुढचा महिना दिसत नव्हता. मी म्हणाले, "कामावर." ते हसले, वाईट नाही, पण हसले. कळवतो म्हणाले.

तीन आठवड्यांनी दोन ओळींचा मेल आला. दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली होती. त्या वेळी मी भात लावत होते. मी तो मुलीला दाखवला नाही, तिने माझ्या तोंडावरून ओळखलं. सासूबाईंना सांगावंच लागलं नाही. मग फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, लोकांकडे दोन वेळचा स्वयंपाक केला. कित्येक सकाळी उठूच नये असं वाटायचं, आणि उठायचे ते केवळ सासूबाईंच्या गोळीची वेळ झाली म्हणून.

एप्रिलच्या शेवटी ओरगडमजवळच्या एका लहान कारखान्यातून फोन आला. जुन्या लाइनवरच्या एकीने माझं नाव दिलं होतं. "सोमवारी येऊ शकाल?" एवढंच विचारलं. पगार पूर्वीच्या निम्मा, काम साध्या तपासनिसाचं, सहा महिन्यांचं कंत्राट. मी हो म्हटलं.

पहिलं कंत्राट संपलं, दुसरं मिळालं. तिसऱ्याबद्दल अजून कोणी बोललेलं नाही. मुलगी आता कॉलेजात आहे, फीची मुदत दर वेळी पुढे ढकलून घ्यावी लागते. आमच्यात त्या भांडणाचा विषय पुन्हा निघाला नाही. परवा सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा तिने एकदम विचारलं, "अम्मा, परत कुठे लांब बोलावलं, तर जाशील?"

"जाईन."

"आणि पुन्हा नाही म्हणाले तर?"

मी डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, दोनदा दाबावं लागलं. खाली कारखान्याच्या बसचा हॉर्न वाजला. "तू खाऊन घे," मी म्हटलं आणि जिना उतरायला लागले.