सांगायची किंमत

अमीनाबादमधले लोकरीचे दुकानदार मला 'आधेवाली बहनजी' म्हणायचे. ते जो भाव सांगतील त्याच्या निम्म्यापासून मी सुरुवात करायची, म्हणून. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण मी पायरी चढले की गल्ल्यावरचा माणूस आतल्याला हळूच सांगायचा, "लो, आ गईं." मला त्याचं वाईट वाटत नसे. फुकट मिळालेलं नाव नव्हतं ते.

लग्न होऊन मी लखनौला आले ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. नवरा एका संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहायक होता. पगार वेळेवर यायचा आणि वेळेआधी संपायचा. तिथल्या थंडीची मला कल्पना नव्हती आणि लोकरीला तिथे ऊन म्हणतात हेही माहीत नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात शेजारीण म्हणाली, "ऊन ले आइए," तर मी म्हटलं, ऊन काय आणायचं, ते अंगणात येतंच की. ती हसून हसून खाली बसली. त्याच हिवाळ्यात मी स्वेटर विणायला शिकले. दोन वर्षांनी हप्त्यांवर विणकामाचं मशीन घेतलं, आणि ऐंशी साल उजाडेपर्यंत गल्लीत माझं स्वतःचं दुकान होतं. दोन हात पसरले की भिंतींना लागतील एवढंच, पण माझं. एकाही माणसाने मदत केली नाही. जे काही उभं राहिलं ते लोकरीच्या भावातून वाचवलेल्या पैशांवर.

मिरजेच्या बाजारात भाजी विकणाऱ्या माझ्या आईने मला एकच शिकवलं होतं. कुठल्याही वस्तूला दोन किमती असतात, एक सांगायची आणि एक घ्यायची. सांगायची ऐकायची, घ्यायची शोधायची. आणि ती शोधायचा खात्रीचा उपाय म्हणजे उठून चालायला लागणं. मागे वळून बघायचं नाही. पाचव्या नाहीतर दहाव्या पावलाला हाक येतेच. अमीनाबादेत ती हाक फार गोड असे. "अरे बहनजी, नाराज होकर कहाँ चलीं? आइए तो!"

या कामात माझी मुलगी माझ्या जोडीला होती. चार-पाच वर्षांची असल्यापासून ती माझं बोट धरून बाजारात यायची. तिला मी दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. वस्तू आवडली तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. आणि मी पदर खांद्यावर ओढला की माझा हात धरून म्हणायचं, "मम्मी, चलो ना, पसंद नहीं." घरी ती मला आई म्हणायची, पण बाजारात मम्मीच ठीक वाटायचं. ती हे इतकं छान करायची की एकदा एका दुकानदाराने स्वतःहून भाव उतरवला आणि वर म्हणाला, "बिटिया को भी तो पसंद आना चाहिए." घरी येईपर्यंत आम्ही दोघी रिक्षात हसत होतो.

ती नऊ वर्षांची असताना संस्थेतल्या मोठ्या साहेबांच्या घरी आम्ही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलो. साहेब नुकतेच परदेशातून आले होते आणि त्यांच्या मुलासाठी त्यांनी टीव्हीवर खेळायचा व्हिडिओ गेम आणला होता. आतल्या खोलीत सगळी मुलं त्याच्याभोवती गोळा झालेली. पडद्यावर एक विमान, खालून वर जाणारी नदी, आणि विमानाने पुलावर गोळ्या झाडायच्या. माझ्या मुलीची पाळी आली आणि तिचं विमान पहिल्याच काठावर आदळलं. "तुम्हारा हो गया," म्हणत साहेबांच्या मुलाने तिच्या हातातून विमान वळवायचा दांडा काढून घेतला. ती बाजूला सरकली आणि नंतर सगळा वेळ फक्त बघत राहिली. निघताना मला तिला दोनदा हाक मारावी लागली.

साहेबांच्या बाईंनी ते पाहिलं. तिळगूळ हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "आवडला वाटतं हिला! अहो, इथेही मिळतो आता, चारबागच्या बाजूला. महाग आहे, पण तुम्हाला काय, तुम्ही घासाघीस करून निम्म्यात आणाल!"

चार बायका हसल्या. मीही हसले. पण आत जे पेटलं ते विझलं नाही. रिक्षात मुलीने विचारलं, "आई, वो हम ला सकते हैं?"

मी म्हटलं, "निम्म्यात आणू."

त्याच आठवड्यात आम्ही गेलो. चारबाग स्टेशनहून येणाऱ्या रस्त्यावर एका जिन्यावरून वर जायचं, तिथे बाहेरच्या मालाचं दुकान होतं. घड्याळं, कॅल्क्युलेटर, टेपरेकॉर्डर, आणि काचेच्या मागे तो गेमचा डबा. मालक वयस्कर, पांढराशुभ्र कुर्ता, तोंडात पान, आवाज मऊ.

"कितने का है?" मी विचारलं.

"बाईस सौ."

"भाईसाहब, मैंने दाम पूछा है, टेलीफोन नंबर नहीं."

तो मनापासून हसला. "बहुत खूब. मगर दाम यही है, बहनजी. एक ही दाम है."

"आठ सौ."

"आप फरमाती हैं तो ठीक ही फरमाती होंगी. दाम बाईस सौ है."

बावीसशे म्हणजे माझ्या नवऱ्याचे दोन पगार. मी सगळं करून पाहिलं. डब्याला पोचा आहे म्हणाले. गॅरंटी नाही म्हणाले. उद्या बिघडला तर दुरुस्त कोण करणार म्हणाले. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचा. "बजा फरमाया," म्हणजे अगदी बरोबर बोललात. मग मी चिडले, आणि मी चिडले की आवाज रस्त्यावर जातो. तुम्ही लुटारू आहात, पोरांच्या डोळ्यांतली हाव विकता, असं मी म्हटलं. त्याने नोकराला सांगितलं, "बहनजी के लिए पानी लाओ." भांडणारा माणूस मला चालतो. पण जो भांडतच नाही त्याचं काय करायचं?

मी पदर ओढला. मुलीने माझा हात धरला. तिची नजर त्या डब्यावरून माझ्याकडे आली आणि अगदी सपाट आवाजात ती म्हणाली, "मम्मी, चलो ना. पसंद नहीं."

आम्ही जिना उतरलो. पाच पावलं गेली, दहा गेली. पानाच्या टपरीपाशी मी चप्पल नीट करायच्या निमित्ताने थांबले. वरून टेपरेकॉर्डरवरचं गाणं ऐकू येत होतं. हाक नाही आली.

"बुलाया नहीं ना?" मुलीने विचारलं.

"बोलावेल," मी म्हटलं. "भाव उतरेल. कॅल्क्युलेटर नाही उतरले? आधी फक्त साहेब लोकांकडे असायचे, आता भाजीवाल्याकडे आहेत. घड्याळांचं तेच झालं. थांबायचं."

माझा हिशेब चुकीचा नव्हता. घड्याळांचा भाव खरंच रस्त्यावर आला होता. पण हा गेम उतरेना. पुढच्या हिवाळ्यात गेलो तर सव्वीसशे. मी म्हटलं, जुनी वस्तू, भाव वर कसा? तो म्हणाला, "कस्टम बढ़ गया, बहनजी. हमारे हाथ में क्या है." वर त्याने मला नवीनच सांगितलं. डब्यासोबत एकच खेळ येतो, दुसरा हवा तर डब्यात खोचायची त्याची वेगळी, कॅसेटसारखी वडी घ्यायची, तिचेही तीनशे-चारशे. मी त्याला विचारलं, मी माणसाला मशीन विकलं आणि मग प्रत्येक स्वेटरला वेगळे पैसे मागितले तर तो काय म्हणेल? तो म्हणाला, "वाह." आणि त्या वाहपुढे काही नाही. मी पदर ओढला, मुलीने वाक्य म्हटलं, आणि आम्ही उतरलो. टपरीपाशी या वेळी मी थांबले नाही.

घरी नवरा म्हणाला, "अगं, देऊन टाक ना. एकदाच तर आहे. तेवढे आहेत आता आपल्याकडे."

"तुम्हाला काय कळतंय," मी म्हटलं. "तुमचा पगार न मागता येतो."

पैसे होते, हे खरं. पण त्या डब्याची ती किंमत नव्हती. प्लास्टिक, चार तारा, एक दांडा. मी दर रात्री बोटं सुजेपर्यंत मशीन ओढायची, आणि तो माणूस पान चघळत बसून आकडा सांगणार, आणि मी तो मोजून देणार? शिवाय 'तुम्ही निम्म्यात आणाल' असं जाहीर झालेलं. ते चार बायकांचं हसू पूर्ण किमतीत विकत घ्यायची माझी तयारी नव्हती. आजही नाही.

मुलगी मधल्या काळात साहेबांच्या घरी जायची. सुरुवातीला रोज, मग क्वचित. एकदा तिथून लवकर परत आली तेव्हा विचारलं, काय झालं? "कुछ नहीं. उसने कहा, अपने घर का लाओ." त्यानंतर ती गेली नाही. मराठीत विचारलेल्याला ती आता हिंदीतच उत्तर द्यायची, आणि थोडक्यात.

ती बारा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांची मोठी ऑर्डर मिळाली. पैसे हातात आले तसे सव्वीसशे मी पर्समध्ये घातले आणि तिला म्हटलं, चल. तिला सांगितलं नाही की या वेळी मी देणार आहे, पूर्ण देणार आहे. मनात म्हटलं, हरले तर हरले. पण सवय कुठे जाते? एकदा तरी विचारल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत, एवढंच ठरवलं होतं.

दुकानात काचेच्या मागे आता दुसरा, काळा, मोठा डबा होता. आमचा डबा खालच्या फळीवर, धूळ बसलेला.

"वो वाला?" मी विचारलं.

"छब्बीस सौ."

"अब भी?"

"एक ही दाम है, बहनजी."

मी पर्सची चेन उघडायला हात घातला. त्यासाठी पदर सरकवला असेल. लगेच माझ्या दंडावर तिचा हात आला.

"मम्मी, चलो. पसंद नहीं."

मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, पोरीला खूण समजली. अजून विसरली नाही. आणि माझे पाय आपोआप उठले. तीन वर्षांत हाक आली नव्हती, आजही येणार नाही, मग मी परत वर जाईन आणि पैसे देईन, एवढाच विचार होता. आम्ही जिन्याच्या अर्ध्यावर होतो.

"अरे बहनजी! नाराज होकर कहाँ चलीं? आइए तो! सोलह सौ दे दीजिए."

मी कठड्याला धरून उभी राहिले. सोळाशे. म्हणजे होती! तीन वर्षं हा माणूस एक दाम, एक दाम म्हणत मला पाणी पाजत होता, आणि याच्याकडेही दुसरी किंमत होती. राग आणि आनंद एकदमच आले, कुठला आधी ते कळेना. मी वळून म्हटलं, "ऐकलंस? बोलावलं!"

ती खालच्या पायरीवर पोचली होती. थांबली नव्हती. मी हाक मारली तेव्हा वर बघून म्हणाली, "नहीं चाहिए, आई. सच में."

"अगं, आता दुकानात नाहीये आपण. खरं सांग."

"सच ही बोल रही हूँ. वो पुराना हो गया. कोई नहीं खेलता अब."

मी तिच्याकडे निरखून पाहिलं. नाक, डोळे, ओठ, सगळं जागच्या जागी. अमीनाबादमधला अगदी मुरलेला दुकानदारही त्या चेहऱ्यावरून काही ओळखू शकला नसता.

मग मी एकटी वर गेले. पंधराशेला घेतला. त्याने डबा पुसून सुतळीने बांधून दिला आणि म्हणाला, "आप से कौन जीत सकता है." काळ्या डब्याची किंमत मी विचारली नाही. फळीवर चिठ्ठी होती, नको तिथे नजर गेलीच. चार हजारांच्या वर. म्हणजे भाव उतरलाच नव्हता. वस्तू म्हातारी झाली होती, आणि म्हातारी झाली तेव्हा मला दिली.

घरी नवऱ्याने टीव्हीमागची अँटेनाची तार काढून गेमची तार लावली. नदी आली, विमान आलं. मुलगी जमिनीवर बसून खेळली. तिचं विमान बराच वेळ आदळलं नाही, एकामागून एक पूल पडत गेले. ती कधी शिकली कोण जाणे. नवरा टाळ्या वाजवत होता. थोड्या वेळाने तिने दांडा खाली ठेवला, तारा सोडवल्या, नीट गुंडाळल्या आणि डब्यात होत्या तशा ठेवल्या. मग दप्तर घेऊन बसली.

"आवडला?" मी विचारलं.

"हाँ, अच्छा है," ती म्हणाली.

तोच सपाट आवाज. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, ती आणखी काही बोलेल म्हणून. मग स्वयंपाकघरात गेले. ती आता मोठी झाली, लांब राहते. दिवाळीला साडी घेऊ का विचारलं की फोनवर म्हणते, "नको." मी विचारते, खरं? ती म्हणते, "खरं." आणि मी दुकानात साडी हातात धरून उभी राहते. खरी किंमत मला कुणाकडूनही काढता येते, पण एवढं एक मला तिच्याकडून आजवर काढता आलेलं नाही.