आमच्याच दारातला बर्फ

त्या हिवाळ्यात कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या आमच्या आख्ख्या गल्लीत बर्फ झाला तो फक्त आमच्या दारात.

ही करोनाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. तेव्हा मी आजी झाले नव्हते, नुसती सासू होते. आणि त्या वयात बाईला सगळं कळत असतं! कॅनबेराला लेकाकडे, निखिलकडे, मजेत दोन महिने राहायला म्हणून आले आणि विमानंच बंद झाली. सूनबाई मुक्ता पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरच्यांचं, पण तिची आई साताऱ्यात अडकलेली. रोज व्हिडिओवर डोळे पुसत विचारायची, "विहीणबाई, माझ्या पोरीला जपताय ना?"

"तुम्ही अगदी निर्धास्त राहा," मी म्हणायचे. (मला एकच मुलगा, तोही माझ्या आईने न्हाऊ-माखू घातलेला. बाळंतपण कशाशी खातात हे मला ठाऊक नव्हतं. पण कबूल कोण करणार?)

म्हटलं, निदान घराचं दार तरी मंगल ठेवू. जन्मभर कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहिले. अंगण म्हणजे जिन्यातली चपला काढायची जागा. इथे पहिल्यांदा खरंखुरं अंगण मिळालं. मग काय! उजाडायच्या आत उठायचं, दारापासून गाडीपर्यंत बादलीभर पाण्याचा सडा घालायचा आणि वर रांगोळी. मे महिना झकास गेला. जूनमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन थंडीत, पारा शून्याखाली उतरला. (तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या यायला अजून अवकाश आहे.)

एका सकाळी मुक्ता तपासणीला निघाली आणि पायरीखाली पाय टाकताच अशी घसरली, की निखिलने दंड धरला नसता तर... नकोच ते! बघते तर फरशीवर काच, आणि काचेखाली माझी रांगोळी. फोटो मढवावा तशी!

"निखिल, इथल्या सरकारला काही लाज? थंडीच्या देशांत म्हणे शहरभर गाड्या फिरवून रस्त्यांवर मीठ टाकतात."

"आई, इथे गल्लीत बर्फ पडत नाही गं. वर डोंगरातल्या रस्त्यांवर टाकतात काहीतरी. आपल्याकडे कशाला येतील?"

"मग हे काय आहे?"

"तेच कळत नाहीये," तो डोकं खाजवत म्हणाला. (सड्याचं त्याला माहीतच नव्हतं. त्याच्या उठण्याच्या वेळेला सडा, सूर्य आणि माझा पहिला चहा, तिन्ही आटोपलेले असायचे.)

शेवटी मीच शहराच्या कचेरीत फोन लावला.

"रस्त्यावर बर्फ आहे का, मॅडम?"

"रस्त्यावर नाही."

"फुटपाथवर?"

"तिथेही नाही. आमच्या दारात."

मग पलीकडून हळूच, "शेजाऱ्यांकडे?"

"छे! त्यांच्याकडे कुठे!" मी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

"घराच्या हद्दीतलं ज्याचं त्याने बघायचं. नो वरीज!"

नो वरीज? बाहेर महामारी, विमानं बंद, विहीणबाई व्हिडिओवर, आणि नववा महिना लागलेली सून काचेवर! माझ्याकडे काळजीशिवाय दुसरं होतं तरी काय?

म्हटलं, सरकार टाकत नाही, मी टाकते! लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ सगळंच्या सगळं संध्याकाळी दारात पसरलं. सकाळी पाहते तो बर्फ मऊ! डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या आनंदात मी नेहमीपेक्षा अर्धी बादली जास्त सडा घातला.

दुसऱ्या दिवशी काच दुप्पट जाड. मी मीठ दुप्पट टाकलं. गवत करपलं, निखिलचे नवे बूट पांढरे पडले. मुक्ता भिंतीला धरून बाहेर पडायला लागली, आणि मी रात्रंदिवस देवाला विचारायला लागले, की बाबा रे, चुकलं कुठे?

उत्तर द्यायला कांगारू आले.

मागच्या टेकडीवर त्यांचा कळप असायचा. मिठाचा सुगावा त्यांना कसा लागला कोण जाणे! मुक्ताच्या कळा सुरू झाल्या त्याच सकाळी दार उघडलं, तर ओळीने बसून मंडळी आमची फरशी चाटताहेत. पंगतच! आणि यजमान असल्यासारखा एक दांडगा नर थेट गाडीच्या दाराशी उभा, पैलवानासारखी छाती काढून.

"आई, काहीतरी करा ना!" मुक्ता दाराची चौकट धरून कळवळली.

निखिल बॅग घेऊन थिजलेला. मी ताट आणि पळी घेतली आणि बडवत बाहेर धावले. कांगारू बिचारे लगेच हटले. मी मात्र थांबू शकले नाही. ताट एकीकडे, पळी एकीकडे आणि मी घसरत चाकाशी, गाडीखाली अर्धी!

मुक्ता, शहाणी पोर, फरशी सोडून बाजूच्या मातीतून सावकाश चालत आली. कळ दाबून वर मलाच विचारते, "आई, लागलं का हो?"

कुंपणापलीकडून शेजारचे केविन आजोबा डोकावले. "मला भीती होतीच. तुम्ही रोज पहाटे गोठत्या थंडीत पाणी ओतता. वाटलं, धर्मातलं काही असेल, आपण कशाला बोला?"

निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं.

दवाखान्याच्या दारात मास्क घातलेल्या नर्सने गाडीत डोकावून विचारलं, "कळा कुणाला येताहेत?"

"मला!" मी ओरडले. (मनगट मोडलेल्या माणसाला तपशील सुचत नाहीत.)

नात सुखरूप झाली. विहीणबाई व्हिडिओवर हसल्या, रडल्या, माझे आभार मानले. घरी आल्यावर तेलाचं मालिश, पाठीला शेक, वेणीफणी, हातात आयती खीर, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिना पूर्ण विश्रांती. बाळंतपण अगदी रीतीप्रमाणे पार पडलं.

माझं!