भीमेच्या डोहात उभी राहिले तो दिवस

वडील गेल्यावर मी गळ्यातलं लिंग काढलं नाही, पण त्याची पूजा सोडली. काढण्याचं धाडस नव्हतं आणि तळहातावर घेऊन डोळे मिटावेत असं आत काही उरलं नव्हतं. आमचं घर लिंगायताचं, सोलापुरात, भवानी पेठेत. अव्वा, म्हणजे माझी आई, रोज सकाळी माझ्यासाठी विभूती आणि पत्री मांडून ठेवायची, मी कॉलेजला गेले की मुकाट्यानं उचलायची. मी प्राणिशास्त्र शिकवत होते आणि भीमेतल्या माशांवर प्रबंध लिहीत होते. ज्या घरात मासा कधी शिजला नाही त्या घरातली मुलगी बरण्यांत मासे भरून ठेवते, हेही तिनं सोसलं होतं. नदीवरून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही, एवढीच तिची अट.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. महिन्यातून एकदा मी सकाळच्या पॅसेंजरनं जेऊरला उतरायची आणि मिळेल त्या बैलगाडीनं नदीवर जायची. दर खेपेला नदी आखडलेली दिसे. आधी धार तुटली, मग डबकी राहिली, मग डबक्यांच्या जागी भेगा पडल्या. माझ्या वहीत माशांची नावं कमी कमी होत गेली. देवानं वडील नेले, आता माझी नदीही नेतोय, असं कडवट काहीतरी मनात येई.

एकच डोह आटला नव्हता. काठावर महादेवाचं लहानसं देऊळ होतं, आणि पाण्यात इतर ठिकाणी वर्षभर न दिसलेले मासे होते. हे कसं, याचं मला कुतूहल वाटू लागलं. तिथं रखमामावशी भेटली. जातीनं भोई, वय साठीच्या पुढं, नवरा खडी फोडायच्या दुष्काळी कामावर. ती काठावर बसून पाण्यावरच्या नुसत्या हालचालीवरून मासा ओळखायची. बुडबुडा आला की म्हणे, "ती मरळ. वर येऊन दम घेती." पाणी नुसतं थरथरलं की, "वाम हाय, चिखलातनं चालली." मी पाच वर्षं पुस्तकांतून जे शिकले होते ते ती पाण्यावर वाचत होती. मी वहीत नोंदी करत गेले आणि तेवीस जाती झाल्या. मोठ्या खवल्यांचा महाशीर मात्र मला अजून दिसला नव्हता.

मला तो हवा होता. एकदा मी तिला म्हणाले, "मावशी, एकदाच जाळं टाका ना. एकच मासा घेईन."

ती रागावली नाही. म्हणाली, "न्हाय बाई. ह्यो डोह द्येवाचा. आमच्या सासऱ्याच्या बानं बी हितं जाळं टाकलं न्हाय. आन आखाडात मासा अंडी घालाया वर चढतो, तवा तर आमी सगळ्या नदीतच जाळं टाकत न्हाय. बी खाल्लं तर पेरायचं काय?"

खरं सांगायचं तर तिला चुकवून दुसऱ्या कुणाकडून मासा धरून घ्यावा, हा विचार मनात येऊन गेला होता.

पुढच्या खेपेला, चैत्रातल्या एका दुपारी, आम्ही दोघी देवळाच्या सावलीत बसलो होतो. खडीच्या कामावरचे तिघेजण काठावर आले. एकाच्या हातात सुरुंगाची कांडी होती. डोहात ती फुटली असती तर लहानमोठं सगळं पोट वर करून तरंगलं असतं. रखमामावशी उठली आणि लुगडं खोचून सरळ पाण्यात गेली, छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. "म्हातारे, भायेर ये," कांडीवाला म्हणाला. "पोरं उपाशी हायती घरात." त्याचा आवाज उद्धट नव्हता, थकलेला होता. ती म्हणाली, "माजी बी हायती."

मला पोहता येत नाही. पाण्याची मला लहानपणापासून भीती. तरीही मी तिच्यामागून कशी गेले, ते आजही सांगता येत नाही. पायाखाली गाळ सरकला, पाणी कमरेच्या वर आलं, आणि माझा हात आपोआप गळ्यातल्या लिंगाकडे गेला. मी काही मागितलं नाही. काय मागायचं तेच सुचत नव्हतं. पायांना काहीतरी लागलं. मासे होते. पोटऱ्यांना, घोट्यांना हळूच तोंड लावून बघत होते. आजवर मी हातात घेतलेला प्रत्येक मासा मेलेला होता. एक मोठं अंग माझ्या गुडघ्याला घासून वळलं, उन्हाच्या तिरिपेत त्याचे सोनेरी खवले दिसले, रुपयाएवढे एकेक. मी हसले की रडले ते आठवत नाही.

ते तिघं काठावर बसून राहिले. आम्ही बाहेर यायची वाट बघत होते. सूर्य कलला तशी मावशीचे ओठ काळे पडू लागले. आता फार वेळ टिकणार नाही, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

तेवढ्यात सायकल हातानं ढकलत एक वयस्क गृहस्थ आले. डोक्याला पांढरी टोपी, दाढी मेंदीनं रंगवलेली. ते खडीच्या खाणीवरचे मुकादम होते. त्यांनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग कांडीकडे. कांडीवाल्यासमोर हात पुढे केला आणि म्हणाले, "दे." त्यानं दिली. मुकादम त्याला शांतपणे म्हणाले, "उद्या सकाळी माझ्या घरी ये. जवारी हाय थोडी, वाटून घेऊ." मग आमच्याकडे वळून, "या बायांनो भाईर."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला कुणी बोलावलं? ते म्हणाले, "कुनी न्हाय. रोज सडकेनंच जातो. आज चाक पंक्चर झालं, म्हनून नदीच्या वाटेनं जवळ पडंल म्हटलं." एवढं बोलून ते सायकल ढकलत गेले. पुन्हा त्यांची गाठ पडली नाही.

पुढच्या वर्षी नदी वाहती झाली. डोहातले मासे वर-खाली पसरले. मावशीबरोबर मी चार गावं हिंडले, भोयांची जाळी बघितली. दुष्काळात जी नावं मी वहीतून खोडली होती, त्यांतली बरीचशी त्या जाळ्यांत वळवळत होती. बोटाएवढी पिल्लं भोई परत पाण्यात सोडत होते. प्रबंधात मी आखाडातली बंदी आणि राखलेला डोह यांवर एक प्रकरण लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, याचा आधार काय? मी रखमामावशीचं नाव सांगितलं.

आता धरण झालंय. तो डोह आणि ते देऊळ खोल पाण्याखाली आहेत. त्या दुपारचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आणि सोडून दिला. पंक्चर हे पंक्चरच असतं, हे मला कळतं. पण त्या तिघांना समजवायला माझ्याकडे शब्द नव्हते, मावशीला धरून ठेवायची ताकद नव्हती, पुढं काय होणार ते ठाऊक नव्हतं. मी फक्त पाण्यातून बाहेर आले नाही. तेवढंच माझ्याकडून मागितलेलं होतं, आणि बाकीचं ज्याचं होतं त्यानं पाहिलं.