जावेला नाकारलेली पानओव्याची फांदी

धोंडूबाईच्या अंगणातल्या पानओव्याचे कुणी कधी लाड केले नाहीत. रंगाच्या रिकाम्या डब्यात फांदी खोचली, अधूनमधून तांदळाचं धुवण ओतलं, की झालं. लवदार, मऊ पानं अशी माजायची की जास्तीच्या फांद्या ती टोपलीभर कचऱ्यात टाकायची. आणि याच बाईने सख्ख्या जावेला एक फांदी नाकारली. आता काय म्हणावं हिला?

निमित्त काय, तर मीठ. धोंडूबाईच्या मुलाची, भावेशची हळद होती. भरल्या मांडवात धाकटी जाऊ सगुणा बोलून गेली, "बाय, कालवनात मीठ जास्त परलं गो." लोक हसले. धोंडूबाईच्या मनाला ते झोंबलं ते झोंबलंच.

आठ दिवसांनी सगुणा दारात आली. तिच्या नातवाला खोकला झाला होता, त्याला पानओव्याचा रस द्यायचा होता. "एक फांदी दे ना, बाय. मी पन लावीन."

"झार मरायला टेकलंय. देता नाय येनार," धोंडूबाई म्हणाली.

झाड तिथंच होतं, पानांनी गच्च भरलेलं. सगुणाने त्याच्याकडे पाहिलं आणि आली तशी निघून गेली. तिन्हीसांजेपर्यंत धोंडूबाईला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली होती. पण थोरल्या जावेनं माघार घ्यायची म्हणजे काय! उद्या जाईन, परवा जाईन करत राहिली. तेवढ्यात सगुणाच्या मुलाने, दीपेशने बेलापूरला फ्लॅट घेतला, सगुणा तिकडे राहायला गेली आणि तीस वर्षांचा भिंतीला भिंत शेजार संपला.

दोन वर्षं धोंडूबाई मनातल्या मनात कुढली. शेवटी एका सकाळी कुंडीत फांदी लावून तिने बेलापूरची बस धरली.

सगुणाने हसून दार उघडलं. कुंडी घेतली, गॅलरीत ठेवली. धोंडूबाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळली. इतकी वर्षं सगुणाच्या चुलीपाशी बसून तिने स्वतःच्या हातांनी चहा ओतून घेतला होता.

"तिथं नको, बाय. इथं सोफ्यावर बस," सगुणा म्हणाली.

मग ट्रे आला. नवी कपबशी, बशीत चार बिस्किटं.

"त्या दिवशी मी खोटं बोलली, सगुणा," धोंडूबाई म्हणाली.

"जाऊ दे गो, मी कवाच विसरली," सगुणा गोड हसून म्हणाली, आणि बिस्किटांची बशी तिच्यापुढे सरकवली. "घे ना. लाजू नको."