आग्रहाचे बटण

पोट भरलेल्या माणसाला आणखी जेवायला लावण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा कोणी सुरतेपासून भुसावळपर्यंत सापडणार नाही. सुरतेतल्या गोडादऱ्यात आमच्या खानदेशी मंडळींची लग्ने मंडपात व्हायची, तेव्हा वधूवरांच्या खालोखाल मागणी या वाढप्याला असे. वरणाची बादली घेऊन ते असे सुटत की पानावर बसलेल्याला नकार द्यायला सवडच मिळत नसे. पथ्यावर असलेल्या एका गृहस्थांना त्यांनी तीनदा शिरा वाढला आणि वर "पथ्य उद्यापासून धरा, उद्या मी नसतो" असे सांगितले. पुढे लग्ने एसी हॉलमध्ये गेली, पाहुणे स्वतःच ताटे घेऊन रांग लावू लागले आणि साडू बेकार झाले. कामरेजच्या एका हॉलमध्ये सवयीने काउंटरमागे जाऊन उभे राहिले, तर केटररचा माणूस म्हणाला, "काका, लाइनमां आवो ने."

दुसऱ्या कोणी हे मनाला लावून घेतले असते. साडूंनी व्हिडिओ गेम केला. उधन्याच्या एका मिलमध्ये त्यांनी नोकरीभर पगाराचे प्रोग्रॅम लिहिले होते, त्यामुळे निवृत्तीनंतर इंटरनेटवरचे धडे बघून त्यांनी तो चिकाटीने उभा केला. खेळ साधा आहे. आपण वाढपी, समोर पंगत. कोणाचे पान ओस पडले की तो रुसून उठतो. संगणकावरचे गेम विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात त्यांनी तो रीतसर मांडला आणि तेव्हापासून जवळजवळ दर शनिवारी ते त्याची सुधारित आवृत्ती चढवत आले. तेही चौघडिया, म्हणजे दिवसातल्या शुभ-अशुभ वेळा, बघून. "अजून काळ चालू आहे, लाभ लागला की सोडतो," असे मला आधी फोनवर कळवणार. काय बदलले ते आवृत्तीसोबत थोडक्यात लिहायचे असते. साडू ते लग्नपत्रिकेसारखे लिहितात. 'वांग्याच्या भाजीचा रंग सुधारला आहे, तरी सहकुटुंब लाभ घ्यावा.'

मी यादी करणारा माणूस. प्रत्येक आवृत्ती खेळून चुकांची क्रमवार यादी देणे हे काम आपोआप माझ्याकडे आले. मठ्ठ्याचा द्रोण हवेत तरंगतो, हे मी अनेकदा लिहिले. साडूंनी ते सोडून पानाच्या उजवीकडे पडलेली चटणी डावीकडे आणण्यात आठवडा घालवला. मेहुणीबाई म्हणाल्या, "भाऊजी, घरातलं मीठ संपलंय ते यांना दिसत नाही. आणि तिकडं कुणाच्या पानात मीठ नाही म्हणून हे जेवण टाकून उठतात."

खरी अडचण खेळणाऱ्यांच्या अभिप्रायांनी आणली. गेममधला पाहुणा म्हणतो, "नको ना भाऊ, पोट भरी गयं." खाली त्याचे इंग्रजी येते. खेळणारा सभ्यपणे पुढे सरकतो आणि पाहुणा रुसून उठतो. हा दोष आहे, असे एकामागून एकाने लिहिले, आणि दुकानात गेमच्या नावाखाली 'बहुतेकांना नापसंत' असा शेरा लागला. असेच चालले तर गेम कोणी उघडणारही नव्हते. मी ही चूक यादीत सर्वांत वर घातली.

"ही चूक नाही, साडूभाऊ. हाच तर गेम आहे."

"पण तो नको म्हणतोय."

"तोंडानं म्हणतोय. हात बघा त्याचा, पानापासून वीतभर वर आहे. खरंच नको असलं की माणूस पानावर आडवा होतो."

"हे नॉर्वेतल्या माणसाला कसं कळायचं?"

"आपल्या पोरांना तरी कुठं कळतंय?" ते म्हणाले आणि माउस उगाच इकडेतिकडे फिरवत बसले.

मी तोडगा सुचवला: आग्रहाचे एक बटण द्या, ते बंद केले की नको म्हणजे नको. त्यांनी दिले. त्या आवृत्तीसोबत नेहमीची पत्रिका नव्हती, 'आग्रह आता ऐच्छिक' एवढेच. शेरा सुधारला, विक्रीही वाढली. पाहुणा रुसल्याची तक्रार कुठूनच येईना, म्हणजे सगळे बटण बंद करूनच खेळत होते. त्या सुमारास आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. साडूंनी मला पोळी एकदाच विचारली. मी नको म्हटले आणि त्यांनी डबा खरोखरच बंद केला.

मग दुकानाच्या चर्चेच्या पानावर कोणा अनोळखी माणसाने मोडक्या इंग्रजीत विचारले, 'मी आग्रह चालू ठेवला आहे. तिसऱ्या रांगेतले पागोटेवाले आजोबा अजून नको म्हणतात. हात वर आहे. वाढू का?' साडूंनी लगेच उत्तर दिले, 'वाढा. अर्धा चमचा.'

नवी आवृत्ती तेव्हा तयार होती. पण साडूंच्या गेममध्ये नवी आवृत्ती चढली की खेळणाऱ्याचा चालू डाव पुसला जातो, आणि ही खोड त्यांना अजून काढता आलेली नाही. शनिवार आला नि गेला, फोन नाही. शेवटी मीच विचारले, "सोडत का नाही?"

"कसं सोडू? एक माणूस अजून पानावर बसलाय."

त्या माणसाने पुन्हा काही लिहिलेले नाही. तो जेवून उठला, की मध्येच उठून गेला, हे दुकान कळवत नाही. साडू रोज सकाळी एकदा बघतात. माझी पुढची यादी तयार आहे. मी ती अजून पाठवलेली नाही.